वाडा आणि वाडा: भूतमालिकांतील घरांविषयी

मराठीत 'वाडा' हा एकच शब्द दोन टोकांच्या घरांना लागतो. वाईजवळ मेणवलीत कृष्णेच्या काठावर नाना फडणीसांनी बांधलेली सहा चौकांची वास्तू म्हणजे वाडा. आणि खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडे, जिथे माझा आजा एका खणाच्या घरात जन्मला आणि त्याच खणात मेला, तोही वाडाच, महारवाडा. कुंपण घातलेली जागा हा ह्या शब्दाचा जुना अर्थ. म्हणून गुरांचा वाडा असतो, मेंढ्यांचा वाडा असतो. मेणवलीचे कुंपण आतल्यांनी स्वतःसाठी घातले. आमचे कुंपण बाहेरच्यांनी आमच्यासाठी घातले. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा दुसरा अर्थ निदान कागदावरून तरी जाईल.

हे सांगण्याचे निमित्त थोडे अनपेक्षित आहे. दूरचित्रवाणीवरच्या भुताखेतांच्या मालिका आणि त्यांतली घरे हा ह्या लेखाचा विषय आहे. आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना हा विषय पोरकट वाटेल. परंतु सांगली जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवतो तिथली, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागांतून एसटीने येणारी मुलेमुली कादंबरी वाचत नाहीत. त्या मालिका मात्र पाहतात, आणि आता त्या मोबाइलवर पाहतात. घर म्हणजे काय, घराला इतिहास असतो म्हणजे काय, ह्याविषयीच्या त्यांच्या कल्पना तिथे घडतात. तेव्हा त्या घरांची तपासणी कुणीतरी करायला हवी.

मालिकांत भूत राहते कुठे? 'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठीवरची मालिका २०१६ मध्ये सुरू झाली. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये तिचे आणखी दोन भाग आले. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका जुन्या घरात तिचे चित्रीकरण झाले आणि नाईकांचा वाडा म्हणून ते घर इतके गाजले की लोक गाड्या करून ते पाहायला जाऊ लागले. अण्णा नाईकांच्या मृत्यूने मालिका सुरू होते, पांगलेले कुटुंब वाड्यात गोळा होते आणि मग एकेक भानगड उघडी पडत जाते. मुलांसाठीची म्हणावी अशी 'टाइपरायटर' ही हिंदी मालिका २०१९ ची. गोव्यातल्या बार्देशात ती घडते. भुते शोधणारी शाळकरी पोरे आणि बार्देझ व्हिला नावाचा जुना बंगला. वारशाने त्या बंगल्यात परत येणारे एक कुटुंब. त्याआधी २०१० आणि २०११ ह्या दोन वर्षांत स्टार वनवर 'प्यार की ये एक कहानी' चालू होती. मी तेव्हा एम.ए. करीत होतो आणि वसतिगृहाच्या एकुलत्या टीव्हीपुढे आम्ही पंधरावीस जण बसत असू. देहरादूनचे कॉलेज, अनाथ नायिका पिया आणि रक्तपिपासू अभय रायचंद. तोही राहायला कुठे? हवेलीत. शेकडो वर्षे जगणाऱ्या माणसालाही ह्या लेखकांना भाड्याची खोली देता आलेली नाही.

ह्यात नवल करण्यासारखे काय, भीतीला जुनी वास्तू लागतेच, असे कुणी म्हणेल. पण का लागते, हे पाहिले पाहिजे. भूतकथेला पहिली गरज असते ती रिकाम्या जागेची. वाड्याची रचना डोळ्यांपुढे आणा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर, बळद, माडी, तळघर, परसू, परसातली विहीर. माणूस एका वेळी ह्यांतल्या एकाच ठिकाणी असू शकतो. उरलेली सगळी जागा अंधारात आणि त्याच्या नजरेआड. त्या नजरेआडच्या जागेत भूत राहते. प्रत्येक मालिकेत एक बंद खोली असते, तिला कुलूप असते आणि त्या खोलीचे नाव काढले की म्हातारी माणसे गप्प होतात. माझ्या मते सगळ्या भूतकथांचे रहस्य ह्या कुलपात आहे. एक खोली कायमची बंद ठेवणे परवडायला आधी घरात एक खोली जास्तीची लागते.

दुसरी गरज वारशाची. भूत म्हणजे मागच्या पिढीचे न फिटलेले काहीतरी, आणि ते पुढच्या पिढीला गाठते ते इस्टेटीच्या वाटेने. पणजोबाने पाप केले आणि पणतूला भूत दिसले, ही साखळी जुळते कारण पणजोबाचे घर पणतूकडे आलेले असते. वारसा हक्काने जसे शेत येते, दागिने येतात, तसे भूतही येते. ज्याच्या हाती आज्याचे काहीच आले नाही त्याला आज्याचे भूत तरी कसे मिळणार? मेणवलीत नानांनी केवळ वाडा ठेवला नाही, कागदपत्रांचे दफ्तरही ठेवले, आणि मेणवली दफ्तर म्हणून इतिहासाचे अभ्यासक ते आजही जाणतात. घर, कागद आणि वंश एका ठिकाणी असले म्हणजे भूतकाळ टिकतो. मेणवलीच्या त्या घाटावर चित्रपटांची चित्रीकरणे नेहमी होतात. २००४ चा 'स्वदेस' तिथलाच. कॅमेरा दिंडी दरवाजातून आत जातो, चौकात फिरतो, घाटाच्या पायऱ्या उतरतो. गावाची वस्ती त्याला पार्श्वभूमीपुरती लागते.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला एक भूतकथा लिहायला सांगितली. सोपा विषय म्हणून दिला होता. जवळजवळ सगळ्यांनी वाडा लिहिला. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, ज्यांची सहासहा महिने पाचटाच्या कोपीत जातात, त्यांनीही 'आमच्या वाड्याच्या माडीवर' अशी सुरुवात केली होती. माडी त्यांनी कधी चढलेली नाही. एका मुलीने तेवढे वेगळे लिहिले. ती जत तालुक्यातली. पत्र्याच्या एका खोलीत सात माणसे. तिच्या कथेत भूत येते, पण त्याला उभे राहायला जागा मिळत नाही. चुलीजवळ आजी, दारात बाप, मधे भावंडे, कोपऱ्यात दळणाचा डबा आणि शेळीचे करडू. पुन्हा घरात कुणीतरी कायम जागे असते. आजीला खोकला, आईला पहाटेचे पाणी भरायचे. भूत दारात थोडा वेळ थांबते आणि निघून जाते. वर्गात हे वाचले तेव्हा पोरे पोट धरून हसली. मीही हसलो. नंतर वाटले, ह्या पोरीने भूतकथेच्या शास्त्राविषयी जे सांगितले ते मला कुठल्या समीक्षाग्रंथात सापडलेले नव्हते.

आता वाड्यात आमच्यासारख्यांना प्रवेश नसतोच असे नाही. गडी म्हणून असतो. 'रात्रीस खेळ चाले' मधला विसराळू पांडू महाराष्ट्रभर लोकप्रिय झाला. पांडूची जात कोणती हा माझा प्रश्न नाही. असा गडी प्रत्येक भूतमालिकेत असतो आणि त्याचे काम ठरलेले असते. त्याला सगळे ठाऊक असते, तो सांगत नाही. सांगू लागला तर मध्येच विसरतो, नाहीतर मरतो. पांडू वाड्याचा आहे, वाडा पांडूचा नाही. त्याचे मन, त्याची झोप, त्याचे भय ह्यांवर कथा उभी राहत नाही. कारण कथा वाड्याच्या मालकीची आहे.

आमचे अंधश्रद्धा निर्मूलनाचे मित्र ह्या मालिकांवर टीका करतात ती योग्यच आहे. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, वीस वर्षांहून अधिक काळ गावोगाव जाऊन भानामती, करणी, भूतबाधा ह्यांची पोलखोल केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कामाचे मोल मी जाणतो. परंतु भूत असते की नसते एवढ्यावर चर्चा संपवली तर एक महत्त्वाची गोष्ट हातची निसटते. भूत नाही हे मान्य. पण जे नाही त्यालाही समाजाने जात दिली, राहण्याची जागा नेमून दिली आणि त्याची हद्द आखून दिली. समाज ज्यांना कल्पनेत कुठे बसवतो त्यावरून तो प्रत्यक्षात कुणाला कुठे बसवतो हे कळते.

ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी गोळा केलेल्या आणि आर. ई. एंथोव्हेन ह्यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदींत भुतांची वर्गवारी आहे. ती वाचताना एखाद्या गावची वतनदारांची यादी वाचल्यासारखे वाटते. समंध ब्राह्मणाचा, देवचार शूद्राचा. बाळंतपणात मेलेली ती हडळ, सवाष्ण मेली ती जखीण. देशावरही असेच. मेल्यावरसुद्धा माणूस जातीतून सुटत नाही. ह्यांत तरुणांचे भूत म्हणजे मुंजा. मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. आपण मराठीत किशोरवयीनांच्या भूतकथांचा नायक शोधू लागलो तर तो हाच. पण मुंजा होण्यासाठी आधी मुंज व्हावी लागते! आमच्या वस्तीत कॉलऱ्याने, उपासाने, विंचू चावून कितीक पोरे मेली असतील. त्यांतल्या एकालाही मुंजा होण्याचा अधिकार नव्हता.

गावात भुतांची वस्ती कुठे असे? वेशीबाहेर. मसणवट, ओढा, शिवेवरचा वेताळ, जुनी पडकी विहीर, मरीआईचे देऊळ, पिंपळ. सूर्य मावळल्यावर तिकडे जाऊ नये असे गावातल्या पोरांना सांगत. हा नकाशा काढून पाहा. त्यात ओढ्याच्या आणि मसणवटीच्या मधे आमची घरे आहेत. गावाने जिथे भुते ठेवली तिथेच आम्हांला ठेवले होते. आणि गाव ज्या रात्रीला भीत होते त्या रात्रीत आम्हांला कामाला लावले होते. वेशीची राखण येसकराची, रात्री परगावी मर्तिकाचा सांगावा पोचवणे त्याच्याकडे, सरणाची लाकडे आणि मेलेले ढोर ओढणे त्याच्याकडे. माझा आजा घुंगुरकाठी घेऊन रात्री पाच पाच कोस जाई असे आजी सांगे. गावातले लोक दारे लावून भुताच्या गोष्टी सांगत आणि आजा त्याच भुतांच्या मधून सांगावा घेऊन चाललेला असे. १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. गोष्टी मात्र दारे लावून बसलेल्यांनी सांगितल्या तशाच राहिल्या.

म्हणून मला वाटते की सातारा-सांगलीच्या मुलांना खरी भयकथा दाखवायची असेल तर वाड्याच्या बाहेर यावे लागेल. दोन उदाहरणे देतो. दोन्ही ह्याच मुलखातली, दोन्हींत मुलगा आहे, रात्र आहे, पाणी आहे, आणि घर नाही.

पहिले १९०१ चे. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा साताऱ्यात शिकत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, घातले गेले होते. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले अशी चार पोरे नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. घ्यायला कुणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवाल्यांनी नकार दिला. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकण्याच्या अटीवर एक गाडी मिळाली आणि गाडीवाला बाजूने चालत राहिला. रात्र झाली. डोंगराच्या पायथ्याशी जकातनाक्याची झोपडी होती. पोरांजवळ जेवण होते, पाणी नव्हते. आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. उपाशीपोटी, आळीपाळीने जागत त्यांनी रात्र गाडीत काढली. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' ह्या आठवणींत हे सगळे त्यांनी लिहून ठेवले आहे. एकटी पोरे, अनोळखी वाट, मध्यरात्र, दूरवर एकच दिवा, दिव्यापाशी झोपडी आणि झोपडीतला माणूस दार उघडत नाही. भूतमालिकेच्या लेखकाला ह्यापेक्षा अधिक काय हवे असते? फक्त इथे भुताची गरज पडत नाही. गोरेगाव माझ्या तालुक्यातले. त्या वाटेने मी अनेकदा एसटीने गेलो आहे.

दुसरे उदाहरण आटपाडीचे, शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' मधले. हे आत्मकथन १९८१ चे. विहिरीत प्रेत तरंगते आहे. खरातांच्या वडिलांवर गावकीची पाळी, म्हणून रात्रभर प्रेताची राखण त्यांनी करायची. आणि प्रेत वर काढायची वेळ आली तेव्हा विहिरीत उतरायचे तेही त्यांनीच. विहिरीत साप दिसतो. काठावर पोलीस आहेत, गाव आहे, आणि लहान शंकर आहे. तो बाप खाली उतरताना पाहतो. मी हा उतारा वर्गात वाचतो तेव्हा मुले श्वास रोखून ऐकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना अजूनही वाटत असते की आता विहिरीतून काहीतरी येईल. येत काहीच नाही. हुकूम तेवढा वरून येत राहतो.

आता उंबरठ्याविषयी. परदेशी मालिकांत रक्तपिपासूंचा एक नियम असतो. घरात राहणाऱ्याने 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. १९९७ ते २००३ पर्यंत चाललेल्या 'बफी' मध्ये तो होता, २००९ ते २०१७ पर्यंतच्या 'व्हॅम्पायर डायरीज' मध्ये तर त्यावर निम्मे कथानक चालते. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी ह्या मालिका पाहिल्या आहेत ती हा नियम फार आवडीने समजावून सांगतात. नाटके, खानावळी, शाळा अशा सार्वजनिक जागी बोलावणे लागत नाही. घर मात्र पवित्र. दारात येऊन उभा राहिलेला देखणा तरुण आत यायला धडपडतो, अदृश्य भिंत त्याला अडवते, आणि आतली माणसे सुरक्षित असतात. अमेरिकेतल्या गोऱ्या मुलाला हे पाहताना आपले घर आपले रक्षण करते असा दिलासा मिळत असेल. पण ज्याच्या बापाने पाटलाच्या ओसरीखाली उभे राहून वरून ओतलेले पाणी प्यायले आहे, त्याला हे दृश्य कसे दिसेल? त्याला ती अदृश्य भिंत ओळखीची वाटते. ह्या कथेत आपण आतले नसून दारातले आहोत हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. फरक इतकाच की रक्तपिपासूला घर तेवढे बंद आणि शाळा, खानावळ, पाणवठा खुले. आम्हांला तेही खुले नव्हते.

त्या मालिकेत ह्याच नियमातून पुढे एक अस्सल कायदेशीर प्रसंग येतो. नायिका एलेना हिला सुरक्षित जागा हवी म्हणून साल्वाटोर बंधूंचे जुने प्रशस्त घर कागदोपत्री तिच्या नावावर केले जाते. झाले! मालकी जिवंत माणसाकडे गेल्याबरोबर ते दोघे भाऊ, रक्तपिपासू असल्यामुळे, स्वतःच्याच दारात अडतात. तिने बोलावल्यावर आत येतात. म्हणजे भुताला मंत्राने नव्हे तर खरेदीखताने रोखले जाते. मला हा प्रसंग त्या मालिकेतला सर्वांत खरा वाटतो. त्याच मालिकेत बॉनी नावाची काळी मुलगी आहे. जादू तिच्याकडे, संकटात धावून जाणारी ती, जीव देणारी ती. तिची पूर्वज एमिली १८६४ मध्ये त्याच गावात दासी होती. इतरांच्या घरांचे जिने, खिडक्या, शेकोट्या प्रेक्षकांना तोंडपाठ होतात. बॉनीचे घर फार थोडे दिसते. पांडूला बॉनी ओळखता येईल असे मला वाटते.

खरेदीखताचा मुद्दा आपल्याकडे आणला पाहिजे. कारण आमच्या घरांची भीती अंधारात नसते, कागदात असते. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल किमान पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे; स्वयंपाकाची जागा त्यातच. रमाई आवासही त्याच मापाचे. हे घरकुल मंजूर व्हायला आधी जागा नावावर लागते. आणि आमच्या वस्त्या कुठे गावठाणाच्या कडेला, कुठे गायरानात, कुठे कुणाच्या तोंडी परवानगीवर वसलेल्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढला की नाव चुलत्याचे निघते, नाहीतर निघतच नाही. तीन पिढ्या त्या जागेत राहिल्या, मेल्या, पण कागदाच्या लेखी तिथे कुणी राहत नाही. घरात वावर आहे आणि नोंद नाही, ह्याला गावात दुसरा शब्द भूत असाच आहे.

अशा घराला इतिहास नसतो काय? असतो, पण तो भिंतीत मुरायला भिंत टिकावी लागते. कुडाचे घर दर चार वर्षांनी नवे करावे लागे. पाचट जाऊन पत्रा आला, पत्रा जाऊन काहींची स्लॅब आली. माझ्या आजाच्या खणाच्या जागी आता चुलतभावाचे घरकुल आहे, आणि आजा कुठे बसायचा ते दाखवायला जुन्या उंबऱ्याचा दगड तेवढा बाहेर कपडे धुवायला ठेवला आहे. लक्ष्मण माने ह्यांच्या १९८० च्या 'उपरा' मध्ये तर फलटण भागात फिरणाऱ्या कैकाड्यांचे सगळे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे. तिथे भुताने मुक्काम करायचा कुठे? मराठी दलित आत्मकथनांत घरांची वर्णने इतकी तपशीलवार आहेत की एखाद्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांवर प्रबंध लिहावा. पण ही घरे मालिकांत येत नाहीत. चित्रपटात एकदा आले ते नागराज मंजुळे ह्यांच्या 'फॅन्ड्री' मध्ये. २०१४ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. जब्या शाळेत जाणारा मुलगा आहे. काळ्या चिमणीची राख उडवली की हवी ती मुलगी वश होते ह्या गोष्टीवर त्याचा विश्वास आहे आणि तो रानोमाळ ती चिमणी शोधतो. म्हणजे जादूचा धागा आहे, किशोरवय आहे, प्रेम आहे. ज्याला आज तरुणांची अद्भुत मालिका म्हणतात तिचा सगळा मसाला आहे. आणि घर मात्र गावाबाहेरचे आहे. त्या घरातून पाहिल्यामुळे जादूचा अर्थच पालटतो. जब्याला चिमणी हवी ती त्या घरातून बाहेर पडण्यासाठी.

असे आणखी का होत नाही, हे निर्मात्यांना विचारण्यात अर्थ नाही. वाडा भाड्याने मिळतो, त्यात प्रकाशयोजनेला जागा असते, बाहेरून प्रेक्षक येतात. आपल्या मुलांनी लिहायला लागावे हा खरा उपाय. पण लिहायला सांगितले की ती वाडाच लिहितात, ही अडचण मी वर सांगितली. म्हणून ह्या वर्षी मी गोष्ट लिहायला न सांगता घराचा नकाशा काढायला सांगितला. आपले घर जसे आहे तसे काढा. माप खणांत द्या नाहीतर फुटांत द्या, आणि जिथे जिथे भीती वाटली तिथे तिथे फुली करा. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी हे करून पाहावे.

पलूसकडच्या एका मुलाने चारही भिंतींवर, छातीच्या उंचीला, एक आडवी रेघ ओढली होती. २०१९ च्या महापुरात पाणी तिथवर होते. २०२१ मध्ये पुन्हा आले तेव्हा त्याने रेघेखाली दुसरी रेघ ओढली. एका मुलीने घराच्या आत एकही फुली केली नव्हती. तिच्या सगळ्या फुल्या घराबाहेर, दारापासून ओढ्याच्या काठापर्यंतच्या वाटेवर होत्या; शौचालय बांधलेले आहे, पण पाणी नाही. एकाने विजेच्या मीटरवर फुली केली. मीटर ज्याच्या नावावर आहे तो माणूस आता ह्यांच्याशी बोलत नाही. कोपीत राहणाऱ्या मुलाने घर काढले ते नुसता गोल काढून, आणि त्याच्या भोवती साखर कारखान्याची चिमणी, फड, ट्रॅक्टर, मुकादमाची मोटारसायकल. फुली मोटारसायकलवर होती. आणि जतची ती मुलगी, जिच्या घरात भुताला जागा मिळाली नव्हती, तिने सात माणसांच्या झोपण्याच्या जागा आडव्या रेघांनी दाखवल्या, प्रत्येक रेघेवर नाव लिहिले, आणि दारापाशी थोडी मोकळी जागा सोडून तिथे लिहिले, 'इथे दिवाबत्ती झाल्यावर मी अभ्यासाला बसते.' त्या जागेचे माप तिने दिले आहे. दोन फूट बाय तीन फूट.